समुद्राशी अबोला

माणसांशी अबोला धरणारी माणसे मी पुष्कळ पाहिली; समुद्राशी अबोला धरलेला गृहस्थ मात्र एकच. उल्हासनगरातले आमचे दादा. 1948 साली, सात वर्षांचे असताना, ते कराचीहून आगबोटीने मुंबईला उतरले आणि कल्याण कॅम्पातल्या लष्करी बराकीत राहू लागले. 1949 साली कॅम्पाचे उल्हासनगर झाले, बराकीपुढे दुकान उभे राहिले. पण मुंबई एवढी जवळ असून दादा चौपाटीवर म्हणून कधी गेले नाहीत.

गेल्या दिवाळीच्या सुटीत त्यांच्या पणतीने, माझ्याच विद्यार्थिनीने, शेकरू पाहायचे असा हट्ट धरला आणि दादा हरले. अंबरनाथहून आम्ही मुरुडजवळच्या फणसाडला गेलो. एके काळचे हे जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान. 1986 पासून अभयारण्य. इथल्या पाणवठ्याला ‘गाण’ म्हणतात. तिथे दबून बसलो होतो, तोच तांबूस पाठीचे, झुपकेदार शेपटीचे शेकरू या झाडावरून त्या झाडावर झेपावले. वाटाड्या म्हणाला, “बाई, हे एकटं चार-पाच घरटी बांधतं. एक मोडलं, तर दुसरं तयार.”

दादा हसले. “शहाणं आहे. आम्ही एकच बांधलं होतं.”

नवाबांचा वाडा मुरुडच्या कड्यावर उभा आहे. खाली लाटा फुटत होत्या. दादा पाण्याकडे पाठ करून बसले. राजपुरीच्या धक्क्यावर शिडाची होडी लागली, तेव्हा म्हणाले, “तुम्ही जा. मी पिशव्या सांभाळतो.”

जंजिऱ्यात पणतीला कलालबांगडी तोफेपेक्षा गोड्या पाण्याच्या तलावांचे नवल वाटले. चहूकडे खारा समुद्र आणि मध्ये हे गोडे पाणी!

परत आलो, तो पिशव्या पायरीवर कोरड्या, आणि दादांचा पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. मी काही विचारले नाही. पेण मागे पडल्यावर तेच हळू म्हणाले, “बाई, पाणी तेच आहे. तितकंच खारट.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “पुढच्या खेपेला होडीत बसू.”

वर्गात फाळणी मी वर्षानुवर्षे एका तासात आटोपत आले. यंदा तो तास काही केल्या आटोपेना.