जनावराची हद्द

जनावराचा काय भरवसा, हे वाक्य आपल्याकडं इतकं सरावानं बोललं जातं की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटत नाही. सायकलवाल्याच्या तोंडी ते हटकून असतं आणि त्याला कारणही आहे. मोटारीतल्या माणसाला काचेचा आडोसा असतो, मोटारसायकलवाल्याला वेगाचा. सायकलवर पोटऱ्या उघड्या असतात आणि वेग कुत्र्याहून कमी. जत तालुक्यात तर त्याला आडोसा असा कशाचाच नाही. सांगली जिल्ह्यातला हा क्षेत्रफळानं सर्वांत मोठा तालुका. पाऊस बेताचा, गावं लांब लांब आणि शेतातल्या वस्त्या त्याहून विखुरलेल्या. जतहून संखकडं, उमदीकडं किंवा माडग्याळकडं निघालं की माळामागून माळ लागतो, मध्येच बाजरीचं नाहीतर डाळिंबाचं रान, आणि रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर एखादी वस्ती. वस्ती आली की कुत्रं आलंच. या भागात सायकलवर वाढलेल्या माणसाला ही भीती पोरवयातच भेटते आणि वयाबरोबर रूप बदलत म्हातारपणापर्यंत त्याच्यासोबत राहते. तरीही माझं म्हणणं असं की जनावर बेभरवशाचं नसतं. जागा कुठली, वेळ कुठली, दिवस कुठले आणि आपण कसे येतोय, एवढं कळलं तर ते काय करील हे बहुतेक वेळा आधीच सांगता येतं. याला एकच मोठा अपवाद आहे आणि तो अपवाद म्हणजे एक रोग आहे.

वस्तीवरच्या कुत्र्याकडं नीट पाहिलं तर हे ध्यानात येतं. ते गोठ्याच्या सावलीतून उठतं, सायकलच्या पुढचा रोख धरून तिरपं धावत रस्त्यावर येतं, मागच्या चाकाच्या बाजूनं भुंकत पळतं आणि एका ठरलेल्या जागी थांबतं. ती जागा म्हणजे एखादा बांध असतो, ओढ्यावरची मोरी असते, नाहीतर बाभळीचं झाड. तिथं ते उभं राहतं, दोनदा भुंकतं आणि मागं वळतं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी उठतं, त्याच जागी थांबतं. तेच कुत्रं पायी येणाऱ्या माणसाला नुसतं हुंगून सोडतं. फरक माणसात नाही, त्याच्या येण्यात आहे. पायी चालणाऱ्याची चाल कुत्र्याच्या ओळखीची असते. सायकलवरचं धड मात्र जमिनीला न टेकता सरकत येतं, पाय जागच्या जागी वरखाली होतात आणि वास पोचायच्या आत ते समोरून निघूनही जातं. पळत्या वस्तूमागं लागणं कुत्र्याच्या रक्तात आहे. कारवानी जातीचं कुत्रं तर नजरेनंच शिकार करणारं, जे हललं त्याच्यामागं सुटणारं. या स्वभावात शिकवणीची भर पडते. कुत्रं भुंकतं आणि सायकल निघून जाते, असं रोज घडतं. सायकल तशीही जाणारच होती, पण कुत्र्याच्या लेखी ती त्याच्या भुंकण्यानं गेली. रोज यश येणारं काम कोण सोडील?

म्हणून पळणं हा कुत्र्यावरचा उपाय नाही. थोड्या अंतरापुरतं गावठी कुत्रंही ताशी तीस किलोमीटरच्या पुढं सहज जातं, आणि साधी सायकल, त्यातही मागं ओझं असेल तर, त्याच्या निम्म्यावर धापा टाकते. थांबावं, कुत्र्याच्या उलट्या बाजूला उतरावं, सायकल मध्ये धरावी, नजर रोखू नये, साध्या आवाजात बोलावं आणि चालत पुढं निघावं. उतरल्याबरोबर आपण त्याच्या लेखी पुन्हा माणूस होतो. बहुतेक कुत्री तिथंच घुटमळतात, कारण पाठलाग करायला आता समोर काही पळत नसतं. पण हे सुचायला धीर लागतो, आणि प्रत्येक वयाची अडचण निराळी असते. नळीखालून पाय घालून मोठी सायकल हाणणाऱ्या पोराला झटकन उतरताच येत नाही. हायस्कुलातलं पोरगं दोन्ही पाय उचलून नळीवर घेतं, पायडल सुटतं, हँडल हलतं आणि ते पडतं. गुडघा फुटतो तो खडीनं, दातानं नव्हे. दुधाच्या किटल्या बांधून रोज पहाटे जाणाऱ्या माणसामागं वाटेवरची कुत्री सहसा लागत नाहीत, कारण त्या किटल्यांचा आवाज त्यांच्या पहाटेचा भाग झालेला असतो. म्हातारपणी मात्र सगळं उलटतं. कुत्र्याचा दात लागो न लागो, साठीनंतरच्या एका पडण्यात खुब्याचं हाड मोडलं की माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो. जनावराच्या भीतीत पडण्याची भीती किती असते हे आपण सहसा वेगळं काढून पाहत नाही.

यावर कुणी म्हणेल, वस्तीचं कुत्रं ठीक, पण काल जिथं काहीच नव्हतं तिथं आज तीन कुत्री अंगावर आली, त्याचं काय? जतच्या माळावर हा आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर मेंढरांत आहे. माडग्याळी मेंढरं याच तालुक्यातली. धनगराच्या कुत्र्याची हद्द जमिनीला बांधलेली नसते, ती कळपाबरोबर चालते. सुगी संपली की शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतो, म्हणून कालच्या मोकळ्या वावरात आज वाघर लावलेली दिसते आणि तिच्याभोवती कुत्री. ही कुत्री गंमत म्हणून पाठलाग करत नाहीत. कळप आणि परका यांच्यामध्ये उभं राहणं हेच त्यांचं काम, आणि तो परका शतकानुशतकं लांडगा होता, आजही आहे. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळरानावर लांडगा आहे, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला सर्वोच्च संरक्षण दिलेलं आहे. अशा जनावराशी झुंजायला वाढवलेलं कुत्रं सायकलवाल्याला पाहून शेपटी हलवील ही अपेक्षा चुकीची. पण कळप येण्याचे दिवस ठरलेले असतात. रस्त्यावर ताज्या लेंड्या दिसतात, वाऱ्यावर लोकरीचा उग्र वास येतो, सामान वाहणारं घोडं दुरून दिसतं. सायकलवरच्या माणसाला हे सगळं कळू शकतं, कारण तो हे दिसण्याऐकण्याइतक्याच वेगानं जात असतो. मेंढक्याला लांबून हाळी द्यावी, तो एका शब्दात कुत्री आवरतो. खुद्द लांडग्याबद्दल बोलायचं तर २०२४ साली उत्तर प्रदेशातल्या बहराइचमध्ये लांडग्यांनी मुलं मारली, ही गोष्ट नाकारून चालणार नाही. पण ते हल्ले प्रामुख्यानं रात्री, उघड्यावर किंवा बिनकडीच्या घरांत झोपलेल्या लेकरांवर झाले. दख्खनचा लांडगा शेळ्यामेंढ्यांच्या मागावर असतो आणि सायकल दिसली की तोच आधी बाजूला होतो.

गुरांचं आणखी वेगळं. खिलार जनावर देखणं, चपळ आणि तापट. मार्गशीर्षात जतला यल्लम्मादेवीची यात्रा भरते तेव्हा रस्ते खोंडांनी आणि बैलांनी भरून जातात. बैलाला दोन्ही बाजूंचं पुष्कळ दिसतं, फक्त थेट मागचं दिसत नाही, आणि सायकल नेमकी मागून, आवाज न करता येते. अंगाला लागेपर्यंत त्याला पत्ता नसतो, मग तो बुजतो, कासऱ्यासकट आडवा फिरतो आणि शिंग लागतं. इथं उतरण्याआधी लांबूनच घंटी वाजवायला हवी, हाक द्यायला हवी. आग्या मोहोळ उठलं तर मात्र थांबून बोलण्यात अर्थ नाही, तोंड झाकून मिळेल त्या वेगानं दूर जावं. कुत्र्यासमोर जे योग्य ते मधमाश्यांसमोर घातक.

सापाच्या बाबतीत तर उतरणं हीच चूक ठरू शकते. जतच्या खडकाळ रानात फुरसं आहे, घोणस आहे. दिवसभर तापलेलं डांबर अंधार पडल्यावरही ऊब धरून असतं, म्हणून साप रस्त्यावर येतो. तो सायकलच्या मागं लागत नाही. पायडलवरचा पाय जमिनीवरच्या पायापेक्षा सुरक्षित असतो, आणि जागा असेल तर लांबून वळसा घालून जाणं बरं. इथं जुन्या सायकलच्या डायनॅमोची गोष्ट आठवते. बाटलीएवढा तो डायनॅमो टायरला घासून फिरायचा, आणि पुढं काही हललंसं वाटून वेग कमी केला की नेमका त्याच क्षणी दिवा मंद व्हायचा. पाहण्यासाठी थांबावं तर दिसेनासं व्हायचं, दिसावं म्हणून पळावं तर पाहायला सवड नाही. अंधारातल्या जनावराबद्दलची आपली कितीतरी भीती या अर्धवट दिसण्यातून आलेली असावी. आता बॅटरीचे दिवे स्वस्त झालेत आणि थांबल्यावरही उजेड देतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं दगावल्याचा अंदाज आहे, त्यातली बहुतेक खेड्यांतली. तेव्हा दिव्यावरचा खर्च चैनीत धरू नये.

आता तो अपवाद. पिसाळलेल्या कुत्र्याला हद्द नसते. ते वस्ती सोडून जातं, भुंकल्यावाचून चावतं, उतरलेल्या माणसालाही चावतं. इथं जनावर वाचण्याची सगळी विद्या अपुरी पडते हे मी मान्य करतो. पण हे जनावराचं वागणं नव्हे, मेंदूत शिरलेल्या विषाणूचं आहे, आणि ते रस्त्यावर ओळखता आलं नाही तरी त्यानंतर काय करायचं हे पक्कं ठाऊक आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. त्याच दिवशी लस, मग ठरलेल्या दिवसांचे पुढचे डोस, आणि चाव्यानं कातडी फुटून रक्त आलं असेल तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन. लक्षणं दिसू लागल्यावर मात्र हाती जवळपास काहीच उरत नाही. रेबीजनं जगात वर्षाला अंदाजे ५९,००० माणसं मरतात आणि त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भारतात. पाश्चरची लस १८८५ची, तरी हे मरण चालू आहे याचा राग यायला हवा. खेड्यापाड्यांत अजून जखमेवर चुना लावतात, तिखट भरतात. पुष्कळांच्या मनात पोटातली चौदा इंजेक्शनं अजून घर करून आहेत. ती मेंदूच्या पेशींपासून बनवलेली जुनी लस भारतात २००४च्या अखेरीस बंद झाली. आता सुई दंडात बसते आणि डोस मोजकेच असतात. पण लहानपणी ऐकलेल्या चौदा सुयांच्या धाकानं आजही एखादं पोर चावा घरी लपवतं, आणि कुत्र्याच्या भीतीपेक्षा ही भीती जास्त घात करते.

सर्वांत वजनदार आक्षेप याच्याही पुढचा आहे. तेरा वर्षांची मुलगी संध्याकाळी पाच किलोमीटरवरच्या वस्तीवर एकटी निघालीय आणि चार कुत्री अंगावर आलीत, तिला तुम्ही कुत्र्याचं मानसशास्त्र सांगणार का? नाही. तिला सांगण्यासारखं ते सांगावं, पण तिच्या सुरक्षिततेचा भार तिच्या धीरावर टाकणं अन्याय आहे. मात्र म्हणून कुत्री उचलून दुसरीकडं नेऊन सोडा, ही मागणीही मला पटत नाही, आणि यामागं नुसती भूतदया नाही. आपली जागा असलेलं कुत्रं कुठं उठतं आणि कुठं थांबतं हे सगळ्या वाटेला माहीत असतं. परक्या माळावर नेऊन टाकलेल्या कुत्र्याला बांध नाही, मोरी नाही, ओळखीची पावलं नाहीत. बेभरवशाचं जनावर आपण असं तयार करतो. २००१च्या आणि नंतर २०२३च्या नियमांनी निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रं त्याच ठिकाणी परत सोडण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली, ती याच अर्थानं शहाणपणाची आहे. वस्तीतल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचली तर रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, दवाखाने आणि बसस्थानकांच्या आवारातून भटकी कुत्री हलवायला सांगितलं. पण त्या मुलीचा प्रश्न शाळेच्या आवारात नाही, आवार सुटल्यानंतरच्या पाच किलोमीटरांत आहे. वस्तीचं एकटं कुत्रं चारांचा घोळका होतं ते कुठं? जिथं फुकट मांस मिळतं तिथं. कोंबडीच्या दुकानातली आतडी आणि पिसं, ढाब्यामागची हाडकं गावाबाहेरच्या ओढ्यात जातात, आणि गावाबाहेरचा ओढा म्हणजे बहुतेक ठिकाणी शाळेच्या वाटेवरचाच ओढा. तो कचरा खड्डा खणून पुरायला लावणं हे ग्रामपंचायतीच्या हातातलं काम आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आज लस शिल्लक आहे का, आणि इम्युनोग्लोब्युलिन तालुक्यात कुठं मिळतं, हे पुढच्या ग्रामसभेत उभं राहून विचारता येतं.