पडला का?

परवा गॅरेज आवरताना २०१४-१५ चा सीझन पास सापडला. फोटोत मी दात काढून हसतोय. हसणारच, तो फोटो सप्टेंबरमधला आहे. पुढचा हिवाळा कसा जाणार आहे हे सप्टेंबरमध्ये कोणालाच माहीत नसतं, आणि पास मात्र सप्टेंबरमध्येच स्वस्त मिळतो. आख्खा धंदा या एका गोष्टीवर चालतो असं माझं प्रामाणिक मत आहे.

तर ही त्या सीझनची गोष्ट. ज्यांनी आयुष्यात कधी स्नोबोर्ड बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक फळी, तिच्यावर दोन्ही पाय आडवे बांधायचे आणि बर्फाच्या उतारावरून खाली यायचं. १९६५ साली मिशिगनमधल्या एका बापाने पोरींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून दिल्या, तिथून हे सुरू झालं, आणि १९९८ साली नागानोला थेट ऑलिंपिकमध्ये गेलं. लातूरच्या माणसाने या भानगडीत पडायचं काही कारण नव्हतं. पण फ्रीमाँटच्या अपार्टमेंटमध्ये रूममेट मिळाला नागपूरचा, आणि नागपूरच्या माणसाला थंडीचं भयंकर अप्रूप. "चाल ना बे, एकदा पाहून तर येऊ," म्हणून २०१०च्या डिसेंबरात तो मला लेक टाहोला घेऊन गेला. (त्याला इथे नागपूरकरच म्हणतो. खरं नाव लिहिलेलं त्याला चालणार नाही.)

आमचं नशीब असं की २०१०-११ हा तिथला दणदणीत बर्फाचा हिवाळा निघाला. पडायला गादी, उठायला गादी. पहिले तीन दिवस ढुंगणावर आणि मनगटावर काढले, चौथ्या दिवशी एक वळण जमलं, आणि मग संपलंच. त्या सीझनला आम्ही बावीस दिवस गेलो. आम्हाला वाटलं टाहो म्हणजे हे असंच असतं. पहिल्याच वर्षी चांगला पाऊस बघून ऊस लावणाऱ्या शेतकऱ्यासारखी आमची गत झाली.

त्यानंतरचे हिवाळे एकाहून एक कोरडे गेले. तरी आम्ही दर सप्टेंबरात पास काढायचो. एक्सेलमध्ये एक शीट होती, पासची किंमत भागिले गेलेले दिवस. पहिल्या वर्षी दिवसाला वीस डॉलरच्या आत पडला होता. मग तीस, मग चाळीस. २०१४-१५ ला तो आकडा जिथे गेला तिथे शीट उघडणंच बंद केलं.

त्या वर्षी घाई असायचं खरं कारण वेगळं होतं. नागपूरकर परत चालला होता. वडील गेल्यावर आई घरी एकटी, आणि हा एकुलता एक. हिंजवडीत नोकरी ठरली, आईला पुण्याला आणायचं ठरलं, एप्रिलच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट काढलं. जायच्या आधी एक गोष्ट करायची होती. आमच्या रेझॉर्टमध्ये वरच्या टोकाला उत्तरेकडे तोंड केलेला एक उतार आहे, डबल ब्लॅक डायमंड. दोन कड्यांच्या मधून अरुंद सुरुवात आणि खाली एकदम मोकळं मैदान. तीन वर्षं आम्ही त्याच्या तोंडाशी उभे राहून, खाली डोकावून, काहीतरी निमित्त काढून बाजूच्या सोप्या वाटेने उतरत होतो. "या वर्षी जायचंच," असं दोघांनी शपथेवर सांगितलं होतं.

सुरुवात झकास झाली. ११ डिसेंबर २०१४ला असं वादळ आलं की सॅन फ्रान्सिस्कोतल्या शाळांना सुट्टी दिली. ऑफिसात सगळे छत्र्या उलट्या झाल्याच्या तक्रारी करत होते आणि आम्ही दोघं एकमेकांना मोबाइलवर डोंगराचे वेबकॅम दाखवत होतो. झालं, आता थांबत नाही!

थांबलं की हो. जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को शहरात मोजण्याजोगा एक थेंब पडला नाही. तिथल्या नोंदींमध्ये असा कोरडा जानेवारी पहिलाच. कारण आम्हाला तोंडपाठ झालं होतं. पॅसिफिकवर उच्च दाबाचा एक डोंगर ठाण मांडून बसायचा आणि आमच्याकडे येणारी वादळं वर उत्तरेला वळवायचा. डॅनियल स्वेन नावाच्या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्याने त्याला २०१३च्या डिसेंबरातच नाव दिलं होतं, 'रिडिक्युलसली रेझिलियंट रिज'. मराठीत 'निर्लज्जपणे चिवट' म्हणावं लागेल. कहर म्हणजे त्याच हिवाळ्यात बॉस्टनला ११० इंचांवर बर्फ पडून शहराचा विक्रम मोडला. बॉस्टनचे कलीग फोनवर रडायचे की गाडी सापडत नाही. आम्हाला ते श्रीमंताने पोट सुटल्याची तक्रार करावी तसं वाटायचं. आणि अलास्कात, चक्क अलास्कात, कुत्र्यांच्या गाड्यांच्या इडिटारॉड शर्यतीला बर्फ पुरेना, म्हणून २०१५ची सुरुवात फेअरबँक्सला हलवावी लागली.

माणूस अशा वेळी काय करतो? एक तर हवामानाची मॉडेलं बघतो. जीएफएस नावाचं अमेरिकन मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं आणि सोळा दिवस पुढचं दाखवतं. नागपूरकर चारही वेळा बघायचा, त्यातली एक वेळ स्टँडअप मीटिंगमध्ये यायची. त्याचा सिद्धांत असा की सोळाव्या दिवशी नेहमी बर्फ असतो. रोज. आज बघितलं तरी सोळाव्या दिवशी, उद्या बघितलं तरी सोळाव्या दिवशी. माझे आजोबा पंचांगात मृगाचं वाहन बघायचे, बेडूक आहे की म्हैस आहे, त्यावरून पाऊस. त्यांचं निदान एकदा बघून काम व्हायचं.

दुसरं म्हणजे देवाला साकडं. स्कीवाल्यांचा एक देव आहे, उल्लर, नॉर्स पुराणातला. बर्फ पडावा म्हणून त्याच्यासाठी जुन्या स्की जाळतात. आमच्याकडे धोंडी काढतात, पोराच्या अंगाला लिंबाचे डहाळे बांधून घरोघर फिरवतात आणि बाया त्याच्यावर पाणी ओततात. मी लहानपणी दोनदा धोंडी झालोय. हे सांगितल्यावर नागपूरकराने मला पार्किंग लॉटमध्ये उभं करून डोक्यावर बिस्लेरीची बाटली ओतायचा प्रयत्न केला होता. (बाटली बिस्लेरीची नव्हती अर्थात, पण आपल्याकडे सगळ्यालाच बिस्लेरी म्हणतात.)

तिसरं, जे आहे त्यावर भागवणं. त्या जानेवारीत रेझॉर्टवर पांढरी होती ती फक्त एक पट्टी, यंत्राने बनवलेल्या बर्फाची. दोन्ही बाजूंना तपकिरी माती, मंझनिटाची झुडपं, आणि मधून गावातल्या रस्त्याइतकी रुंद पट्टी. स्कीवाले तिला 'मृत्यूची पांढरी फीत' म्हणतात, कारण सगळी जनता तिच्यावरच. पाच वर्षांची पोरं, सत्तरीचे आजोबा आणि आम्ही.

कृत्रिम बर्फाचं गणित नागपूरकराने मला कूलरवरून समजावलं. नुसतं तापमान बघून उपयोग नाही, ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या थर्मामीटरचं तापमान बघायचं, ते उणे दोन सेल्सिअसच्या आसपास किंवा खाली हवं. हवा कोरडी असेल तर फवारलेल्या थेंबांचं बाष्पीभवन होऊन बाकीचं पाणी आणखी गार होतं, म्हणून तापमान शून्याच्या थोडं वर असलं तरी बर्फ बनू शकतो. "नागपूरले कूलर चालते, मुंबईले नाही चालत, तसंच हाय हे," इति नागपूरकर. मला बाईंनी फिजिक्स असं शिकवलं असतं तर मार्क वाढले असते. पण त्या यंत्रातून चांदण्यांसारखे कण पडत नाहीत, बारीक गोळ्या पडतात. त्यावर पडलं की साबुदाण्याच्या पोत्यावर पडल्यासारखं होतं. तेही गोठलेल्या.

खडक वर आले होते त्यामुळे चांगला बोर्ड घरी ठेवून जुना काढायचा. त्याला 'रॉक बोर्ड' म्हणतात. दगडाने तळाला खाच पडली की प्लॅस्टिकची कांडी पेटवून त्यात थेंब थेंब गाळायचा, थंड झाल्यावर तासायचा आणि इस्त्रीने मेण लावायचं. त्या सीझनला आमच्या रविवारच्या रात्री याच्यातच गेल्या. मी एकदा चुकून तीच इस्त्री इंटरव्ह्यूच्या शर्टावर फिरवली. नोकरी मिळाली नाही, पण त्याला शर्ट कारण नसावा.

लिफ्टवर लोकांना बसवून देणारा एक पेरूचा विद्यार्थी होता. दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळी सुट्टीत तिकडची बरीच पोरं इथे कामाला येतात. त्याच्या शिफ्ट आठवड्याला दोनवर आल्या होत्या. आल्या-गेल्याचं तिकीट पण सुटणार नाही म्हणाला. आम्ही पासचे पैसे वाया गेले म्हणून चडफडत होतो, त्या दिवशी परतताना गाडीत ते गणित कोणीच काढलं नाही. डॉनर समिटला चेन लावून देणारी माणसं असतात, नंबरवाली जॅकेटं घालून रस्त्याकडेला उभी. त्या हिवाळ्यात आम्हाला ती बहुतेक वेळा दिसलीच नाहीत.

फेब्रुवारीच्या ६ तारखेला एकदाचं वादळ आलं. हवाईच्या दिशेने, वाफेने भरलेलं. आणि गरम! आठ-आठ हजार फुटांवर पाऊस पडला. आम्ही डोंगराखाली गाडीत बसून वायपर चालू ठेवून बघत होतो. असलेला बर्फ डोळ्यांदेखत ओढ्याने वाहून चालला होता. नागपूरकर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आता तो वरचा उतार उघडत नाही." खरंच नाही उघडला. ती लिफ्ट त्या सीझनला एक दिवससुद्धा चालली नाही. मार्चच्या मध्यापर्यंत आसपासच्या काही रेझॉर्टांनी कामकाजच गुंडाळलं, आमच्याही.

दर रविवारी अप्पांचा फोन असतो. अप्पा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. पहिला प्रश्न कायम एकच, "पडला का?" जूनमध्ये मी त्यांना विचारतो, डिसेंबरात ते मला. मी आपला घसरगुंडीच्या सुरात सांगायचो, नाही ना, सगळा सीझन वाया. एकदा त्यांनी मध्येच थांबवलं. "ते खेळायचं राहू दे. त्या डोंगरावरचं बर्फ म्हंजे तुमचं धरणच की रं. उन्हाळ्याला खाली काय येणार?" पाच वर्षं त्या बर्फावरून घसरत होतो, पण एवढं साधं डोक्यात आलं नव्हतं. कॅलिफोर्नियाच्या पाण्याचा साधारण तीस टक्के वाटा त्या बर्फाचा. मी त्यांना सांगितलं की इथे दर महिन्याला माणसं अॅल्युमिनियमची नळी बर्फात खुपसतात, काढून वजन करतात, त्यावरून पाणी किती ते ठरवतात. अप्पा खूश. "वजन करतेत? हुशार हायत." मग म्हणाले, मांजराचंबी काही बरं दिसत नाही.

१ एप्रिल २०१५ला फिलिप्स स्टेशनच्या कुरणात ती नळी घेऊन माणसं गेली, तर खुपसायला बर्फच नव्हता. पंच्याहत्तर वर्षांच्या नोंदीत एप्रिलच्या सुरुवातीला तिथे पहिल्यांदा कोरडं गवत. एरवीची सरासरी साडेसहासष्ट इंच. राज्यभरचा साठा सरासरीच्या पाच टक्के, त्याआधीचा नीचांक पंचवीस होता. गव्हर्नर जेरी ब्राउन त्याच गवतात उभे राहिले आणि शहरी पाणीवापरात २५ टक्के कपातीचा हुकूम काढला. अप्पांना पाच टक्के सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे मृतसाठाच." पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. तेव्हा फोनवर मी काही विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं की गाडी आली.

तर, नागपूरकर. त्याच्या जायच्या आधीच्या शनिवारी पहाटे तीनला उठून आम्ही कार्सन पासला गेलो. रेझॉर्ट नाही, लिफ्ट नाही, साडेआठ हजार फुटांवर रस्त्याशेजारी गाडी लावायची आणि चालायचं. उत्तरेच्या सावलीत एक पांढरं ठिगळ उरलं होतं, आदल्या आठवड्यात कोणीतरी ऑफिसात फोटो दाखवला होता. बोर्ड पाठीला बांधून सव्वा तास चढलो. अर्धा रस्ता माती, मधे मधे वितळलेल्या पाण्याचा चिखल. वाटेत एक म्हातारं जोडपं भेटलं, हाफ पँटमध्ये. आमच्या पाठीवरचे बोर्ड बघून त्यांनी काही विचारलं नाही, फक्त रस्ता दिला.

वर पोचलो तेव्हा ऊन नुकतंच पोचलं होतं. रात्री गोठलेला, सकाळी वरचा थर मोकळा झालेला बर्फ, मक्याच्या दाण्यांसारखा. त्याला कॉर्नच म्हणतात आणि फार सुंदर असतो तो. तो आधी गेला. मी वरून वळणं मोजली, अकरा झाली. अकराव्यानंतर बर्फ संपला आणि तो गवतात धावत जाऊन आडवा पडला. मी गेलो, माझी नऊ झाली. सव्वा तास चढून, फार तर चाळीस सेकंद.

"अजून एकदा?" मी विचारलं.

"हाव."

चार वेळा केलं. पाचव्यांदा त्याच्याने होईना, माझ्याने पण. मग तिथेच बसून थर्मासमधला चहा प्यायलो, तो आईचा पुण्यातला फ्लॅट कोणत्या मजल्यावर घ्यायचा याबद्दल बोलत होता. लिफ्ट असलेल्या इमारतीतच घे, म्हटलं. दोघंही हसलो.

बोर्ड तो इथेच टाकून गेला. "तुले रॉक बोर्ड म्हणून कामी येईल," म्हणाला. पण २०१६-१७ला इतका बर्फ पडला की एका रेझॉर्टच्या लिफ्ट ४ जुलैलासुद्धा चालू होत्या, खडक दिसायलाच तयार नव्हते. त्या वर्षी तो वरचा उतार उघडला. मी तोंडाशी गेलो, खाली डोकावलो, आणि बाजूच्या सोप्या वाटेने आलो. एकट्याने नाही जावंसं वाटलं. घाबरलो म्हणा हवं तर.

त्याचा बोर्ड अजून गॅरेजमध्येच आहे, भिंतीला टेकवलेला. नागपूरकराचा मेसेज अजूनही नोव्हेंबर लागला की येतो. पुण्यात सकाळ असते, इथे रात्र. आईच्या तब्येतीचं वगैरे नंतर, आधी दोनच शब्द.

पडला का?