नर सापडला तरच नाव

विंचूमाशीचं नाव नुसत्या पंखांच्या फोटोवरून छातीठोकपणे सांगणारं कुणी भेटलं की मी हळूच विषय बदलते. वाद घालायची हौस नाही असं नाही, पण त्या वादातून निष्पन्न काही होत नाही. आपण दोघंही पंखच बघत असतो, आणि पंख दोघांनाही हवं ते सांगतात.

इंग्लंडमध्ये रेडिंगला राहायला आल्यावर केनेट नदीजवळची, कालव्याच्या कडेने जाणारी वाट माझ्या रोजच्या फिरण्याची झाली. मे उलटत आला की तिथल्या नेटलच्या आणि ब्रँबलच्या काटेरी जाळीत, ऊन थेट पडत नाही अशा पानांवर ही माशी बसलेली दिसते. पंख पसरले तर जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर. तोंड चोचीसारखं खाली लांबलेलं, आणि चावायचे अवयव त्या चोचीच्या अगदी टोकाला. चारही पंख जवळपास सारखे, पारदर्शक, त्यांवर काळपट तपकिरी डाग. नर असेल तर शेपटाचं टोक फुगीर, तांबूस, आणि पाठीवर वळवून धरलेलं, हुबेहूब विंचवाची नांगी. डंख मात्र नाही, विषही नाही. ते फुगीर टोक म्हणजे त्याचं जननेंद्रिय. मेलेले किडे हे तिचं मुख्य खाणं, आणि त्यासाठी ती कोळ्याच्या जाळ्यावरही डल्ला मारते. जाळ्यात न अडकता चालत जाते, कोळ्याची शिकार खाते आणि निघून जाते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कोळी तिथेच बाजूला बसलेला होता.

ब्रिटनमध्ये पॅनॉर्पा या प्रजातीतल्या तीनच जाती आहेत: कम्युनिस, जर्मनिका आणि कॉग्नाटा. पहिल्या दोघींना लिनियसने 1758 साली नावं दिली, तिसरीला रांब्यूरने 1842 मध्ये. तीनच जाती म्हटल्यावर काम सोपं असेल असं कुणालाही वाटेल. फुलपाखरं बघून बघून डोळा तयार झालेल्यांना तर हमखास वाटतं, कारण फुलपाखरांत पंखांवरची नक्षी बहुतेक वेळा दगा देत नाही.

इथे देते. विंचूमाशीच्या पंखावरच्या डागांना ठरलेल्या जागा आहेत. टोकाचा गडद भाग, त्याच्या आत पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेकडे उतरणारा पट्टा, मग बुडाकडचा पट्टा आणि मधले सुटे ठिपके. कम्युनिसमध्ये हा मधला पट्टा सहसा रुंद आणि सलग, जर्मनिकामध्ये डाग सहसा लहान आणि तुटक. सगळी गोम त्या ‘सहसा’मध्ये आहे. पट्टा मध्येच तुटून त्याचे दोन ठिपके झालेली कम्युनिस मिळते, आणि भरगच्च डागांची जर्मनिकाही मिळते. एकाच माशीचा डावा पंख आणि उजवा पंख जुळत नाहीत असंही मी पाहिलंय. उत्तरेकडे जावं तसे जर्मनिकाचे डाग विरळ होत जातात, आणि स्कॉटलंडच्या उत्तर भागात तर काहींचे पंख जवळजवळ कोरे असतात. ज्याने फक्त दक्षिणेतली जर्मनिका पाहिलीय, तो तिकडची बघून ही कुठली नवीनच जात म्हणून उडेल.

युरोपच्या मुख्य भूमीवर गुंता आणखी आहे. तिथे कम्युनिसची एक जुळी बहीण आहे, व्हल्गॅरिस. बराच काळ तिला कम्युनिसचंच एक रूप समजत. जर्मनीत सावर आणि हेन्सले यांनी 1977 मध्ये त्या दोघी प्रजननाच्या दृष्टीनेही वेगळ्या असल्याचं दाखवून दिलं. ब्रिटनच्या यादीत व्हल्गॅरिस नाही, याबद्दल मी मनातल्या मनात कुणाचे तरी आभार मानते.

मला नराच्या शेपटाकडे वळवलं ते आमच्या निसर्गगटातल्या एका निवृत्त शिक्षकांनी. मी कौतुकाने पंखांचे फोटो दाखवत होते. त्यांनी सगळे शांतपणे पाहिले आणि विचारलं, “खालून काढलेला एखादा आहे का?” नव्हता. मग त्यांनी काचेची नळी, कापसाचा बोळा आणि 20 पटीचं भिंग काढून कृती करून दाखवली. नर नळीत घ्यायचा, बोळा हलकेच पुढे सरकवायचा, माशीला इजा होणार नाही इतपत. तिचं पोट काचेला टेकलं की नळी फिरवून ते टोक उजेडात खालच्या बाजूने बघायचं. बघून झालं की बोळा काढायचा, माशी उडून जाते. मारायची गरज नाही, कापायची तर नाहीच, कारण जे बघायचं ते सगळं बाहेरच असतं.

भिंगाखाली आधी फक्त एक चकचकीत तांबूस गोळा दिसतो. नजर स्थिरावली की त्याचे भाग सुटे होतात. मुख्य फुगवटा दोन जाड भागांचा, एकमेकांना जुळलेला. त्यांच्या टोकाला वाकड्या चिमट्यासारखे दोन आकडे, आतल्या कडेला दातासारखा उंचवटा असलेले. आणि खालच्या बाजूला, एकाच देठातून फुटून दोन फाटे झालेल्या अरुंद पट्ट्या. निम्मं काम इथेच होतं. त्या किती खालून फुटतात, एकमेकींपासून किती लांब जातात, आकड्यांच्या बुडापर्यंत पोचतात की अलीकडेच थांबतात, आतली कड सरळ की कमानदार. फील्ड स्टडीज कौन्सिलच्या, कॉलिन प्लांट यांनी केलेल्या ओळख-पुस्तिकेतली चित्रं शेजारी उघडी ठेवायची आणि एकेक मुद्दा ताडून बघायचा. पंखांच्या बाबतीत ‘साधारण असं वाटतं’ म्हणणारी मी इथे ‘हेच’ म्हणू लागले.

पंख इतके चंचल आणि हा भाग एवढा एकनिष्ठ का, याचं जुनं उत्तर लेओं द्युफूरने 1844 मध्ये दिलं होतं. प्रत्येक जातीचं नराचं अंग तिच्याच मादीला बसावं असं, कुलूप-किल्लीचं तत्त्व. पुढे विल्यम एबरहार्डने 1985 च्या पुस्तकात मांडलं की मादीच्या निवडीमुळेच हे आकार इतक्या वेगाने वेगळे होत गेले. मला दुसरं जास्त पटतं, कारण विंचूमाशीचं लग्न हा सगळा देण्याघेण्याचाच मामला आहे. नर मादीला खाऊ देतो, मेलेला किडा नाहीतर स्वतःच्या लाळेचा घट्ट झालेला गोळा. ती खात असते तोवर संग चालतो. शिवाय नराच्या पाठीवर, पोटाच्या तिसऱ्या खंडाच्या मागच्या कडेला एक छोटा उंचवटा असतो. तो आणि चौथ्या खंडाचा पुढचा भाग यांच्या चिमटीत तो मादीच्या पुढच्या पंखाची कड धरून ठेवतो.

या सगळ्यात आमच्या घरी एक प्रसंग घडला. पहाटेच्या गारव्यात पकडलेला नर ऊन वर आल्यावर फार वळवळतो, म्हणून मी त्याची नळी एका डबीत घालून थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवली होती. सासूबाई साताऱ्याहून आलेल्या. कढीपत्ता शोधताना त्यांनी नेमकी तीच डबी उघडली.

“अगं, विंचू! फ्रीजमध्ये विंचू ठेवलायस?”

“आई, विंचू नाही तो. माशी आहे. चावत नाही.”

“नांगी दिसतेय मला. आमच्या परड्यात काय विंचू कमी मारलेत मी?”

मी त्यांच्या हातात भिंग दिलं. बराच वेळ त्या नळी फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “पंख आहेत खरं. पण देवानं हे शेपूट असं का बरं केलं असेल?” काय सांगणार? खरं कारण सांगितलं. त्या हसल्या आणि डबी परत आत ठेवताना म्हणाल्या, “मग याला कढीपत्त्याशेजारी नको हो ठेवू.” दुसऱ्या दिवशी फिरायला निघताना मात्र स्वतःहून विचारलं, “आज नळी घेतलीस का?”

नंतर त्यांनी विचारलं की अशा माशा आपल्याकडे असतात का. असतात. हिमालयात आणि दक्षिणेकडच्या डोंगराळ जंगलांत यांचीच भावकी, निओपॅनॉर्पा, आहे. तिथे पंख एका बाबतीत विश्वासाचे: मागच्या बाजूची एक शीर निओपॅनॉर्पामध्ये आखूड असते, पॅनॉर्पामध्ये ती बरीच पुढे जाते. म्हणजे प्रजाती शिरेवरून कळते. जात कोणती हे ठरवायला परत नराचं शेपूट. भारतातल्या या कीटकांचा मोठा आढावा रस्ट आणि बायर्स यांनी 1976 मध्ये कॅन्सस विद्यापीठाच्या नियतकालिकात घेतला. त्यातही वर्णनाचा भर त्याच अवयवावर आहे.

मादीचं काय, हा प्रश्न मला अजून छळतो. तिचं पोट निमुळतं होत गेलेलं, टोकाला दोन बारीक उपांगं, फुगवटा नाही. जातीची खूण तिच्या पोटाच्या आत, एका छोट्या पट्टिकेत. ती बघायची तर मादी मारायची, पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ करायचं आणि ग्लिसरीनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. संशोधनासाठी हे करावं लागतं आणि ते करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. फक्त एका नोंदीपुरती माशी मारायला माझा हात धजावत नाही. त्यामुळे माझ्या यादीत माद्यांपुढे ‘पॅनॉर्पा, मादी’ एवढंच असतं. गटातले काहीजण अशा वेळी पंख बघून ‘बहुधा कम्युनिस’ लिहून मोकळे होतात. नकाशावर ठिपका पडतो तेव्हा तो ‘बहुधा’ गळून जातो आणि नुसतं ‘कम्युनिस’ उरतं. त्या ठिपक्यांवरून उद्या कुणीतरी ही जात कुठे वाढली, कुठे घटली हे ठरवणार.

म्हणून आता गटात नवीन कुणी आलं की मी कॅमेरा कुठला हे विचारत नाही. नर असेल तर खालून एक फोटो काढा, एवढंच सांगते. नाक मुरडतात काहीजण, कारण पंखांचा फोटो देखणा येतो आणि शेपटाचा धूसर. परवा एकीने असाच एक धूसर फोटो पाठवला. आकडे नीट दिसत नव्हते, पण खालच्या दोन्ही पट्ट्या टोकापर्यंत स्वच्छ आल्या होत्या. मी पुस्तिका उघडली आणि तिला उलट विचारलं, “बाजूने काढलेलाही आहे का?”