चोवीस पणत्या आणि एक निळा चौकोन

दिवाळीला ऑफिसात काय द्यायचं, हा प्रश्न मला दरवर्षी धनत्रयोदशीच्या आठवडाभर आधी पडतो आणि दरवर्षी मी सुक्यामेव्याच्या बॉक्सवर येऊन थांबते. तोच बॉक्स चार घरं फिरून कधीतरी आपल्याकडेच परत येतो, हेही आता सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या वर्षी म्हटलं, बास! यंदा काहीतरी 'पर्सनल' द्यायचं. घरी रंगवलेल्या पणत्या, त्याही आमच्या चार वर्षांच्या चिऊने रंगवलेल्या, प्रत्येकीवर त्या त्या माणसाचं काहीतरी. आयडिया एकदम झकास होती. निदान मला तरी तसं वाटलं.

शनिवारी सकाळी दोघी धारावीच्या कुंभारवाड्यात गेलो. सौराष्ट्रातून आलेली कुंभार मंडळी तिथे पिढ्यान्‌पिढ्या चाक फिरवतायत आणि दिवाळीच्या आधी गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, इतक्या पणत्यांच्या राशी. चिऊने एकेक उचलून, उलटीपालटी करून २४ निवडल्या. त्यातल्या दोन वाकड्या होत्या. मी हळूच बदलायला गेले, तर तिने पकडलं. (इथेच मी शहाणं व्हायला हवं होतं.)

आता तुम्हीही करणार असाल तर एक सांगते, पणत्या आणल्या की लगेच ब्रश घेऊन बसू नका. आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायच्या, नाहीतर कोरी माती सगळं तेल पिऊन टाकते. मग दिवसभर खडखडीत वाळवायच्या, कारण ओल राहिली की रंगाचे पोपडे निघतात. बाहेरून पांढऱ्या रंगाचा एक हात दिला की वरचे रंग खुलतात. रंग अ‍ॅक्रिलिकच घ्या. पोस्टर कलर ओल्या हाताला लागून येतो. आतली बाजू आणि वात टेकते ती चोच मात्र कोरी ठेवायची, ज्योतीजवळचा रंग जळून वास मारतो. बाबाचा जुना शर्ट उलटा घालायचा, खाली वर्तमानपत्र, एका वेळी दोनच रंग, आणि ठिपक्यांसाठी कानातले बड्स. ब्रशपेक्षा बड्स लहान बोटांना जास्त ऐकतात. आणि हो, अ‍ॅक्रिलिक ओला असेपर्यंत पाण्याने पुसला जातो, एकदा वाळला की नाही. हे मला चांगलंच नडलं.

तर रविवारी दुपारी चिऊ बसली. मीही समोरच बसले होते, म्हणजे लॅपटॉप घेऊन. सोमवारचं प्रेझेंटेशन होतं. मी एकेक नाव सांगायची, ती विचारायची, "ते कोण?", मी स्क्रीनवरून नजर न काढता काहीतरी उत्तर द्यायची, आणि ती खाली मान घालून कामाला लागायची. मध्ये मध्ये ती काहीतरी समजावूनही सांगत होती. मी "हो का? वा!" म्हणत होते.

रात्री ती झोपल्यावर पणत्या नीट पाहिल्या. काय सांगू! लाल फराटे, काळे गोळे, एकीवर नुसताच निळा डाग. हे ऑफिसात द्यायचं? बॉसला? मग काय, अकरा वाजता चहा केला आणि बसले. आधी म्हटलं, फक्त कडा सारख्या करू. मग एक ठिपका, मग एक पाकळी... दीड वाजेपर्यंत २४ पणत्यांवर सुबक फुलं होती आणि वळणदार अक्षरांत नावाची आद्याक्षरं. एखाद्या बुटीकमध्ये सहज खपल्या असत्या. स्वतःवर खूश होऊन झोपले.

सकाळी चिऊ टेबलाजवळ उभी राहून एकेक उचलून बघत होती. "माझा कान कुठेय?"

कसला कान?

मग कळलं. बॉससाठी तिने कान काढला होता, कारण तो 'फोनमधला काका' आहे. कामाला येणाऱ्या मावशींसाठी दाराबाहेरच्या स्लिपर. वॉचमनकाकांची छत्री. एकदा घरी आलेल्या मैत्रिणीची मोठ्ठी टिकली. 'पर्सनल' म्हणजे काय ते त्या मुलीला माझ्यापेक्षा बरं कळलं होतं, आणि मी त्यावर 'आर' आणि 'एस' काढून ठेवले होते.

"आणि इथे आई होती," तिने एक पणती पुढे केली. तो निळा डाग, म्हणजे चौकोन. "तुझा लॅपटॉप. तू मागे आहेस."

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने पणती खाली ठेवली आणि म्हणाली, "या तुझ्या आहेत."

मला एकदम गौरींचे दिवस आठवले. माझ्या आईने चिऊला मुठीने पावलं उमटवायला शिकवलं होतं, मूठ आडवी टेकायची आणि वर बोटाने पाच ठिपके. चिऊची दोन पावलं चक्क दाराबाहेर निघालेली. मी पुसायला फडकं आणलं, तर आई म्हणाली, "असू दे गं. येईल फिरून." माझ्या वह्यांना मात्र लहानपणी हिनेच तीन-तीनदा कव्हरं घालायला लावली होती. आज्या झाल्या की या बायका बदलतात!

ऑफिसात पणत्या हिट झाल्या. "चार वर्षांची? काय हात आहे हिचा!" मी "हो" म्हणाले. तेवीस वेळा.

चोविसावी माझ्याकडे आहे. नेलपॉलिश रिमूव्हरने वरचं फूल काढून पाहिलं, तर फुलाबरोबर खालचा निळाही सुटायला लागला, म्हणून थांबले. एका पाकळीच्या कडेने चौकोनाचा एक कोपरा दिसतो, तेवढाच.

त्या शनिवारी कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून सहा पणत्या आणल्या. लॅपटॉप बॅगेत, फोन स्वयंपाकघरात. चिऊने पहिली हिरवीगार रंगवली.

"ही कोण?"

"डायनोसॉर."

"आणि माझी?"

"तुला दिली ना एक," ती म्हणाली आणि बड घेऊन डायनोसॉरचे दात काढायला लागली.