पाच मुलांचं आणि एका उताराचं देणं

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत भूगोल शिकवतो. मूळ गाव चंद्रपूर. वडील कोळसा खाणीत कामाला होते. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो अशा गावात वाढलेल्या माणसाने पायाला स्की बांधून बर्फाच्या उतारावर उभं राहावं, हे आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नसतं. ते घडलं चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाच विद्यार्थ्यांमुळे, आणि त्यांना मी आजवर भेटलेलो नाही. त्यांच्यानंतर उत्तराखंडातल्या औलीचा एक लहानसा उतार आणि तिथला एक प्रशिक्षक माझ्या आयुष्यात आला. या सगळ्यांचं देणं डोक्यावर आहे. फेडता येणार नाही, निदान लिहून ठेवावं म्हणून हा प्रपंच.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत ‘हिमनदीचे कार्य’ हा धडा मी एका तासात संपवत असे. हिमगव्हर, गिरिशृंग, यू आकाराची दरी, हिमोढ. फळ्यावर आकृती काढायची, नावं द्यायची, वहीत उतरवून घ्यायची. वर्गातली बहुतेक मुलं माडिया. घरची बोली वेगळी, त्यामुळे पुस्तकातली मराठी हीच त्यांना लांबची होती. त्यात बर्फ म्हणजे फारच लांबचा. हा धडा लवकर उरकून वनं आणि खनिजं यांना जास्त वेळ द्यावा, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं. जे मुलांच्या जगात नाही त्यावर वेळ कशाला घालवायचा, असा माझा हिशेब होता.

एकदा एका मुलीने विचारलं, “सर, बर्फ पायाखाली कसा लागते जी? गारीसारखा?” गारा तिने पाहिल्या होत्या. ऐन मोहफुलांच्या दिवसांत गारपीट झाली की घरात काय होतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी म्हणालो, “हो, तसाच.” ताजा पडलेला बर्फ गारेसारखा टणक नसतो, त्यात हवा भरलेली असते, पाय घोट्यापर्यंत रुततो, हे मला माहीतच नव्हतं. आपल्याला माहीत नाही, हेही तेव्हा कळलं नाही.

२०१८ च्या मे महिन्यात मी सुट्टीला चंद्रपुरात होतो. १६ आणि १७ तारखेला एव्हरेस्टची बातमी आली. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची ही मुलं ८,८४८ मीटरच्या शिखरावर पोचली होती. आदिवासी विकास विभाग आणि चंद्रपूर जिल्हा प्रशासनाच्या ‘मिशन शौर्य’मधून त्यांची निवड झाली होती. ऑगस्ट २०१७ मध्ये प्रशिक्षण सुरू झालं. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह असे टप्पे झाले आणि वर्षही पुरं व्हायच्या आत ती शिखरावर होती.

अशी बातमी मी पहिल्यांदा वाचत नव्हतो. २०१४ मध्ये शेजारच्या तेलंगणातल्या निवासी शाळेची मालावत पूर्णा वयाच्या तेराव्या वर्षी एव्हरेस्ट चढली, तेव्हा कौतुकाने वाचलं आणि विसरलो. या वेळी विसरता आलं नाही. ही मुलं ज्या प्रकारच्या शाळेत शिकली, तसल्याच शाळेत मी रोज उभा राहतो. तोच परिपाठ, तेच वसतिगृह, जेवणाच्या ओळीत तेच डाळभात. त्यांच्यात आणि माझ्या वर्गातल्या मुलांत मला काही फरक दिसेना. फरक एवढाच होता की त्यांना बर्फ ठाऊक असलेली माणसं शिकवायला मिळाली. माझ्या मुलांना मी मिळालो होतो. हा विचार त्या उन्हाळ्यात डोक्यातून गेला नाही.

शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात मुलांनी विषय काढला. चंद्रपूरच्या पोरांचं नाव त्यांनीही ऐकलं होतं. “सर, बर्फावर ते चालले कसे?” या वेळी मी “मला माहीत नाही, बघून येतो” असं सांगितलं. हे वाक्य म्हणण्याचं बळ मला त्या पाच जणांनी दिलं. इतकी वर्षं वर्गात उभा होतो, पण असं मी कधी म्हटलं नव्हतं.

एव्हरेस्ट माझ्या आवाक्यातला नव्हता. गढवाल मंडल विकास निगम औलीला नवशिक्यांसाठी स्कीइंगचे वर्ग घेतं, असं एका सहकाऱ्याकडून कळलं. पैसे जमवले, रजा साठवली. बायको म्हणाली, “जा, पण गुडघे सांभाळा.” पुढच्या हिवाळ्यात चंद्रपूरहून रेल्वेने दिल्ली, तिथून ऋषिकेश आणि मग अलकनंदेच्या कडेकडेने दिवसभराचा बसचा प्रवास करून जोशीमठला पोचलो. वरचा टप्पा रोपवेचा, सुमारे चार किलोमीटरचा. देवदारांच्या शेंड्यांवरून पाळणा वर सरकत होता आणि समोर नंदादेवी उभी होती. ७,८१६ मीटर हा आकडा मी मुलांकडून पाठ करून घेतला होता.

औली फार मोठी नाही. खुर्च्यांची एक लिफ्ट, नवशिक्यांचा एक उतार, चहा आणि मॅगीच्या टपऱ्या, कृत्रिम बर्फासाठी पाणी साठवलेलं एक तळं. २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतल्या स्कीइंगच्या शर्यती इथे झाल्या. वारा वाढला की लिफ्ट थांबते. मग शिकणाऱ्यांनी स्की उताराला आडव्या धरून, एकेक पाऊल बाजूला टाकत चढायचं. अर्धा तास चढावं आणि मिनिटाभरात खाली यावं. पहिल्या दिवशी तर तेवढा वेळही न लागता मी खाली पोचत होतो, बहुतेकदा पाठीवर.

माझा प्रशिक्षक माझ्यापेक्षा बराच लहान, जोशीमठच्या बाजूचा. मी शिक्षक आहे हे कळल्यापासून तो मला ‘मास्टरजी’ म्हणू लागला आणि शेवटपर्यंत त्याच आदराने बोलला, पण चूक एकही सोडली नाही. स्कीचे बूट टणक प्लास्टिकचे असतात, घोटा हलत नाही. पुढे झुकलं की नडगी बुटावर टेकते आणि तिथूनच स्कीवर ताबा येतो. भीती वाटली की माणूस मागे रेलतो. मागे रेललं की स्कीची पुढची टोकं हलकी होतात, वळणं हातातून जातात आणि वेग वाढतो. म्हणजे जिवाच्या भीतीने जे करावंसं वाटतं तेच घात करतं. “मास्टरजी, आगे झुको। घाटी को देखो, पैर को मत देखो।” हे वाक्य त्याने किती वेळा म्हटलं असेल, आणि प्रत्येक वेळी आवाज पहिल्यासारखाच शांत. वेग आवरायला पुढची टोकं जवळ, मागची दूर, आतल्या कडा बर्फात रुतवायच्या. वळताना भार बाहेरच्या पायावर. पडायचंच असेल तर डोंगराच्या बाजूला पडायचं, आणि उठायच्या आधी स्की उताराला आडव्या करायच्या, नाहीतर उठता उठता पुन्हा घसरतो.

मला तिथे एक गोष्ट लागली. मी वर्गात एखादी गोष्ट दोनदा सांगितली की तिसऱ्यांदा आवाज चढवत असे. हा मुलगा विसाव्यांदा सांगतानाही माझ्या स्की स्वतःच्या हाताने सरळ करून देत होता. तो मला शिकवतो आहे याचा त्याला गर्व नव्हता आणि मला येत नाही याचा कंटाळाही नव्हता. शिकवणं म्हणजे काय, हे मी डी.एड.च्या वर्षांत वाचलं होतं. पाहिलं मात्र त्या उतारावर.

उताराच्या कडेला गावातली मुलं खेळत. जुन्या, कुणीतरी टाकून दिलेल्या स्की, बूट मोठे, आत दोन-दोन मोजे. पण काय सफाई! आमच्याकडची पोरं मोहाच्या झाडावर जशी विचार न करता चढतात, तशी ती उतरत. त्यातल्या एकाने मला सकाळचा बर्फ आणि दुपारचा बर्फ यांतला फरक दाखवला. सकाळी वरचा थर गोठलेला असतो, स्कीखाली खरखर वाजतो आणि कडा धरत नाहीत. दुपारी तोच ओला, जड होतो, पाय ओढून धरतो. ताजा पडला तर आवाजच नाही. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा मिळालं. तोवर ती दहावी होऊन शाळेतून गेली होती.

आमच्या तुकडीत पुण्याचे एक गृहस्थ होते, भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. औलीवर त्यांचा फार जीव. त्यांची मुलगी स्कॉटलंडमध्ये राहते. तिथल्या डोंगरांतही स्कीइंगची पाचच केंद्रं आहेत, ग्लेन्को त्यातलं सगळ्यात जुनं, १९५६ पासूनचं, असं ते सांगत. बर्फाचा भरवसा तिथेही नाही. वाऱ्याने उडणारा बर्फ अडवायला उतारांवर लाकडी कुंपणं घालतात आणि त्या कुंपणांना धरून साठलेल्या पट्ट्यांवर लोक खेळतात. मोठ्या आल्प्सला न जाता लोक दरवर्षी तिथेच परततात, पाऊस लागला तरी तक्रार करत नाहीत. प्राध्यापकांना औली तशीच वाटे. लहान जागेवर जीव जडतो कारण तिथे माणसं एकमेकांना ओळखतात, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मला ते पटलं.

मी चंद्रपूरचा, हे कळल्यावर त्यांनी विचारलं, “मग इरई पाहिलंय ना?” मी नदी समजलो. ते इरई गावाबद्दल बोलत होते. चंद्रपूरच्या पश्चिमेला, पैनगंगेकाठी, या गावाजवळ चुनखडीच्या खडकावर समांतर ओरखडे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी १८७० च्या दशकात त्यांची नोंद केली. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आपला भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बाजूला असताना इथून बर्फाचे प्रवाह सरकले. त्यांच्या तळाशी अडकलेल्या दगडांनी खडक घासला, आणि बर्फ वितळल्यावर मागे राहिलेल्या दगडगोट्यांचा थर त्याच्यावर बसला. त्याला तालचिर थर म्हणतात. चंद्रपूरचा कोळसा त्याच्या वरच्या थरांतला. म्हणजे हिमयुग सरलं, हवा उबदार झाली, दलदलीत झाडं वाढली, गाडली गेली, त्यांचा कोळसा झाला.

माझ्या वडिलांनी आयुष्यभर तो कोळसा काढला. मी हिमनदीचा धडा शिकवत होतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे मला चंद्रपूरपासून इतक्या लांब, हिमालयात, एका भल्या माणसाने सांगितलं. त्या रात्री वडिलांना फोन केला. ते म्हणाले, “आमाले कोनी सांगतलंच नाही बा.” मीही त्यांना कधी काही सांगितलं नव्हतं.

परत आल्यावर शिकवणं बदललं. हिमनदीचा धडा आता इरईपासून सुरू होतो. बर्फ आपल्या जिल्ह्याला लागून होता, हे कळल्यावर मुलं पुढे सरकून बसतात. एक जण दगड धरतो, दुसरा ओल्या मातीवरून त्याला ओढतो, ओरखडे उमटतात. तास अपुरा पडतो. कुणाला आलं नाही तर त्या प्रशिक्षकाचा आवाज आठवून मी पुन्हा सांगतो. दरवेळी जमतंच असं नाही.

करोनाची दोन वर्षं गेली. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचल्याच्या बातम्या आल्या. आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले, रोपवे बंद झाला. पुढच्याच महिन्यात औलीला व्हायच्या राष्ट्रीय स्पर्धा बर्फच पडला नाही म्हणून रद्द झाल्या. मी प्रशिक्षकाला फोन केला. त्याच्या घराच्या भिंतीला चीर गेली होती, कुटुंब नातेवाइकांकडे हललं होतं. हंगाम बुडाला होता. हे सगळं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, “मास्टरजी, बच्चे कैसे हैं?” मला पटकन बोलता आलं नाही. ज्याच्या पायाखालची जमीन सरकली आहे तो माणूस गडचिरोलीच्या जंगलातल्या, कधी न पाहिलेल्या मुलांची चौकशी करत होता. त्याच्यासाठी मी काय करू शकलो? फारसं काही नाही. थोडे पैसे पाठवले, ते त्याने कष्टाने घेतले. अधूनमधून फोन करतो.

गेल्या वर्षी आमच्या शाळेतून बारावी झालेल्या एका मुलीने गिर्यारोहण शिकायचं ठरवलं. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा २८ दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम असतो, प्रतीक्षायादी लांब असते. अर्ज कसा भरायचा, आधी काय तयारी करायची, हे सगळं प्रशिक्षकानेच फोनवर समजावलं. रोज किती पळायचं, पाठीवर किती ओझं घ्यायचं, तेही सांगितलं. ती आता पहाटे गावाजवळच्या टेकडीवर धान्याचं पोतं पाठीला बांधून चढते.

तिच्या घरी बोलायला गेलो, तेव्हा तेंदूचा हंगाम सुरू होता. अंगणात सगळं घर पानांचे पुडे बांधत बसलं होतं. मी अर्जाबद्दल सांगितलं, खर्चाबद्दल सांगितलं. तिचे वडील बराच वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, “पोरगी तिकडं बर्फात जाऊन का करन जी?” मी एव्हरेस्टबद्दल सांगायला सुरुवात केली आणि मनीषा धुर्वेचं नाव घेतलं. त्यांनी मला मध्येच थांबवलं. ते नाव त्यांना माहीत होतं. अर्जावर सही कुठे करायची, एवढंच त्यांनी विचारलं.