पखालजीची जागा

बालमित्रांनो, जळगावात बोरांसाठी प्रसिद्ध असलेल्या मेहरूणला आलात, की तलावाकाठी जरा टेका. संगणकावरच्या लढाईत तुम्ही भाले, तलवारी निवडून तुकड्या पाडता ना? तशीच एक तुकडी इथं मनात उभी करा.

शिवरायांच्या घोडदळात 25 बारगिरांवर एक हवालदार असे आणि 5 हवालदारांवर एक जुमलेदार. शिवाय दर 25 घोड्यांमागे एक नालबंद आणि पाणी पुरवणारा एक पखालजी! खानदेशच्या उन्हात पाण्यावाचून घोडा किती पळेल बरं?

वर्गात गट पाडले, की सगळ्यांनाच सरदार व्हायचं असतं. पखालजी व्हायला कुणी तयार नसतं. समोरचं पाणी बघा आणि सांगा, तुमच्या तुकडीत आधी कोणाला घ्याल?