टाळ बसेपर्यंत

आषाढी एकादशीला पंढरपूर भरतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यानंतरच्या वद्य एकादशीला हिंगोली जिल्ह्यातलं नरसी नामदेव भरतं, हे मराठवाड्याबाहेर फारसं कुणाच्या गावी नसतं. पंढरीहून परतलेले वारकरी इथं नामदेवांचं दर्शन घेतात आणि मगच वारी पुरी झाली असं मानतात. ही परतवारी. कयाधूकाठच्या या गावात त्या दिवशी मुंगीलाही वाट मिळत नाही.

याच भागातून पंढरपूरला निघालेल्या एका दिंडीबरोबर मी काही मुक्काम चाललो. कचेरीत माझ्या हाताखाली मोजकीच माणसं, तरी ती वेगानं शिकत नाहीत म्हणून माझी चिडचिड व्हायची. ती चिडचिड वाटेतही सोबत होती.

दिंडीत एक पोरगा नवा होता. त्याचे टाळ पखवाजाच्या पुढं धावत आणि सगळी ओळ विस्कटत असे. त्याला मागं पाठवतील, असं मला वाटलं. दिंडीप्रमुखांनी मात्र त्याला एका जुन्या टाळकऱ्याच्या शेजारी उभं केलं आणि विषय तिथंच सोडला. चाल चुकली की म्हातारा नुसता पोराच्या हाताकडं बघायचा. न राहवून मी प्रमुखांना विचारलं, तर ते म्हणाले, “साहेब, पंढरपूर काय जवळ हाय का? तवर बसंल की.”

वीणा कुणाच्या हाती द्यायची, याबाबत मात्र हेच गृहस्थ कडक. ती जमिनीवर टेकत नाही. एकानं उतरवली की दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात. अभंगाची सुरुवात वीणेकऱ्यानं करायची. तिथं घाईला आणि वशिल्याला जागा नाही.

खुद्द नामदेवांनाही थांबावं लागलं होतं. परंपरा सांगते, की संतमेळ्यात गोरोबाकाका कुंभारांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं तपासलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. विठ्ठलाच्या लाडक्या भक्ताला हे झोंबलं. पुढं औंढा नागनाथला विसोबा खेचरांच्या रूपात त्यांना गुरू भेटला. औंढाही याच जिल्ह्यातलं. नामदेवांचा जन्म १२७० चा धरला, तर तेव्हा ते फार तर पंचविशीत असतील.

१२९६ मध्ये ज्ञानदेवांनी समाधी घेतली. नामदेव त्यानंतर १३५० पर्यंत, म्हणजे तब्बल ५४ वर्षं होते. मला हा आकडा त्यांच्या चमत्कारांपेक्षा मोठा वाटतो. एवढ्या काळात त्यांनी कीर्तन उभं केलं, ज्ञानदेवांचं चरित्र अभंगांत लिहिलं, उत्तरेत पंजाबपर्यंत भ्रमण केलं. त्यांच्या घरी दळणकांडण करणारी जनाबाई स्वतःच्या नावानं अभंग रचू लागली. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली संत चोखोबा गेले. त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, असं परंपरा सांगते. त्या वेळी नामदेव अडुसष्ट वर्षांचे होते. माणसं जोडायची आणि मग सोडायची नाहीत, हे काम एका हंगामाचं नव्हे.

१६०४ मध्ये शिखांचा आदिग्रंथ सिद्ध झाला तेव्हा नामदेवांना जाऊन अडीचशे वर्षं उलटली होती. त्या ग्रंथात त्यांची ६१ पदं आहेत. त्यामुळं नरसीला वारकऱ्यांच्या फेट्यांबरोबर पंजाबी पगड्याही दिसतात.

त्या पोराचे टाळ माझ्या डोळ्यांदेखत पुरते बसले नाहीत. मी निघालो त्या दिवशी विसाव्याच्या आधी चार-पाच अभंग त्यानं नीट धरले, पावलीची लय वाढली आणि पुन्हा सुटला. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याही वेळी फक्त हाताकडं पाहिलं.

सध्या कचेरीत एक नवी मुलगी हिशेब शिकते आहे. तिला मी एका जुन्या कारकुनाच्या शेजारचं टेबल दिलंय. वरचे साहेब दर सोमवारी विचारतात, “जमायला लागलं का?” मी सांगतो, “निम्मं जमतंय, दिवाळीपर्यंत द्या.” ते काही खूश नाहीत.